ताईचा उलटा ब्रेक

माझ्या थोरल्या बहिणीला सायकलवरून खाली उतरवायची कुणाच्या बापाची टाप नाही, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो. ते काम एकदा तिच्या पोटच्या मुलानेच अंगावर घेतलं आणि मदतीला मला धरलं. सायकलचा कारागीर मी, मामाही मीच. त्याला वाटलं, सोपं जाईल.

आधी ताई कोण ते सांगतो. आमच्या भागात सकाळचा पाव ती वाटते. टेकडीच्या माथ्यावर बेकरी आहे. तिथून रस्ता जो सुटतो तो थेट खालच्या मोठ्या चौकात येतो, आणि चौकाच्या अलीकडे, कोपऱ्यावर माझं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली बोळकांडी, वर पत्रा आणि पत्र्याला टांगलेली चाकं. पत्रा इतका खाली आहे की आत येणाऱ्या प्रत्येकाला वाकावं लागतं, त्यामुळे माझा आब राहतो.

ताई उतारावरून येते म्हणजे मिरवत येते. सायकलच्या मागे पावांची लाकडी पेटी, हँडलला उतारावरच्या घरांसाठी पावांची पिशवी. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक दाराशी तिचं काहीतरी असतं. शिंप्याला त्याच्या गुडघ्याचं विचारते, परटिणीला तिच्या सासूचं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पाव त्यांच्या हातात ठेवून पुढच्या दाराशी पोचलेली असते. थांबत मात्र नाही. जमिनीला पाय टेकला तर तिला कमीपणा वाटतो. एवढ्या उतारावर सायकल गोगलगायीसारखी चालवायची आणि चालता चालता पाव द्यायचा, हे तिलाच जमतं. तिच्या जिभेला हाड नाही, पण तिने दिलेला पाव शिळा निघाला असं कुणी म्हणून दाखवावं.

तिच्या उजव्या हाताला अंगठा आहे, बोटं नाहीत. तरुणपणी ती याच बेकरीत पीठ मळायच्या मशीनवर होती आणि एका सकाळी मशीनने बोटं ओढून घेतली. बरी होऊन परत गेली तेव्हा मालक म्हणाले, "ताई, आता तुम्ही गल्ल्यावर नुसत्या बसून राहा." ही म्हणाली, "बसून राहायला मी काय बरणी आहे?" आणि तिने पाव वाटायचं काम मागून घेतलं. मुलगा तेव्हा रांगत होता. मेहुणे परगावी कामाला म्हणून गेले होते ते तिकडचेच झाले होते. ताई त्याबद्दल कधी रडली नाही, निदान माझ्यासमोर नाही. मी तिच्यासाठी खूप रडलो, तेही तिच्यासमोर नाही.

पाव वाटायचे तर सायकल हवी आणि सायकलला ब्रेक हवा. तिथे माझा नंबर लागला. मी मोठ्या हुशारीने तिच्या डाव्या हाताला, म्हणजे धड हाताला, ब्रेक बसवून दिला. पण डावा हात पाव देणार, की हँडल धरणार, की ब्रेक दाबणार? पहिल्याच दिवशी तिने घाईने ब्रेक दाबला, त्याबरोबर हँडलही वळलं, आणि बाईसाहेब सायकलसकट न्हाव्याच्या दुकानात शिरल्या. खुर्चीत साबण लावून बसलेला माणूस अर्धी दाढी घेऊन पळाला. तो न्हावी अजून मला बघितलं की वस्तरा पुसायला लागतो.

मग भंगारवाल्याकडे मला एक जुनी सायकल सापडली, जिचा ब्रेक हाताला नव्हताच. तो मागच्या चाकाच्या मध्यात, हबच्या पोटात होता. पुढे पायडल मारलं की सायकल चालते, उलटं मारलं की ब्रेक लागतो. ना तार, ना दांडी. ताईला मी ती दिली तेव्हा ती बेकरीपासून खाली आली, माझ्या दारात उलटा पाय मारून थांबली आणि म्हणाली, "बघ, तुला पण कधीतरी अक्कल येते." तेव्हापासून तिच्या पायात आणि त्या हबमध्ये दुसरा कुणी आला नाही. सगळे त्याला ताईचा उलटा ब्रेक म्हणतात.

भाचा मोठा झाला आणि त्याच बेकरीच्या मोटारीवर ड्रायव्हर लागला. लांबच्या गावांना माल तो नेतो. दांडगा माणूस, पण बोलणं मोजकं. ते आईच्या वाट्याला गेलं असावं. गाडीचा आवाज जरा बदलला तर ताटावरून उठून बघायला जाईल असा. ताई त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणते. तो हसत नाही, पण त्याला आवडतं.

त्या दिवशी मी दुकानाबाहेर एका चाकाचा बाक काढत बसलो होतो. वरून ताई येताना दिसली. परटिणीच्या दाराशी होती तोवर सगळं नेहमीसारखं होतं. त्यानंतरचा उतार जरा तीव्र आहे. तिथे तिने उलटा पाय मारलेला मी पाहिला, आणि पायडल नुसतं गरकन मागे फिरलं. तिने परत मारलं, परत फिरलं. सायकलने वेग घेतला. चौकात ट्रक, बस, सगळं वाहत होतं आणि माझ्या तोंडातून आवाज फुटेना. ताईनेच डोकं चालवलं. चौकाच्या तोंडाशी तिने हँडल वळवलं आणि माझ्या दुकानाबाहेर जुन्या टायरांचा ढीग असतो त्यात सायकल घातली. पाव उडाले, टायर गडगडत रस्ताभर गेले आणि त्या सगळ्याच्या मधोमध ताई बसलेली. कोपर सोललं होतं. मी धावत गेलो तर मला म्हणते, "टायर असे रस्त्यात कशाला ठेवतोस रे? माणूस पडेल ना!"

ही टायरांत बसूनच मला ओरडत राहिली. मी गुपचूप पाव गोळा केले.

संध्याकाळी भाचा आला. गाडी दारात लावून, पत्र्याखाली वाकून आत शिरला आणि स्टुलावर बसला. ताईची सायकल माझ्यामागे भिंतीला टेकून होती. तिच्याकडे बघत म्हणाला, "मामा, एक काम कर. हब कामातून गेला म्हणून सांग. होत नाही म्हण."

"अरे, मी अजून उघडलासुद्धा नाही."

"मग उघडूच नकोस ना."

मी हातातला पाना खाली ठेवला. तो सांगायला लागला, तेही जमिनीकडे बघत. "मी रोज घाट उतरतो, मामा. मागे भरलेली गाडी असते. मला भीती वाटत नाही. पण त्या वेळेला इथे ही उतारावर असणार हे आठवलं की समोरचा रस्ता दिसत नाही. आज टायर होते. उद्या नसले तर? मी सांगून थकलो. तुझं ती ऐकेल. सायकलच्या बाबतीत ती फक्त तुझंच ऐकते."

"सायकल बंद झाली तर ती करेल काय?"

"आराम करेल. मी कमावतो ना."

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. चौकाच्या तोंडाशी माझी स्वतःची बोबडी वळली होती, हे मी त्याला सांगितलं नाही एवढंच. पण मी म्हणालो, "हे बघ, तुझी काळजी खरी आहे. पण मी सायकलवाला आहे. होत असताना होत नाही म्हणणं माझ्याच्याने व्हायचं नाही. त्यात तिच्याशी खोटं बोलायचं? ती लहानपणापासून माझं तोंड वाचते."

"म्हणजे दुरुस्त करणार?"

"म्हणजे दुरुस्त करणार."

तो उठला. चहा ठेवायला मी किटली उचलली होती, त्याने बघितलं पण थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी हब घेतला. आता आत काय असतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हबच्या पोटात एक शंकूसारखा तुकडा, स्क्रूला असतात तशा आट्यांवर बसलेला असतो. पायडल पुढे मारलं की तो आट्यांवरून एका बाजूला सरकतो आणि चाकाला धरतो. पायडल मागे मारलं की दुसऱ्या बाजूला सरकतो आणि ब्रेकच्या चकत्या फाकवतो. पण बोल्ट फिरवताना नटाला कुणी धरलं नाही तर दोघंही नुसते गोल फिरत राहतात, हे घरात ज्याने कधी खुर्ची आवळलीय त्याला माहीत आहे. तसं या शंकूला धरून ठेवायला एक पातळ पोलादी स्प्रिंग असते. कडं म्हणा, पण त्याहून बारीक. सगळा खेळ तिच्यावर.

मी एक्सल सैल केला, छर्रे वाटीत काढले, आतलं करपलेलं काळं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसून टाकलं. जुनं झालंय, करपणारच, असं मनाशी म्हटलं. आणि मग स्प्रिंग बाहेर आली, दोन तुकड्यांत. ढिली पडून, वाकून तुटलेली. बाकी सगळं ठणठणीत होतं.

मी ज्यांच्याकडून माल घेतो त्या होलसेलवाल्याला फोन लावला. तो हसलाच. "अहो, आता हे वापरतं कोण? नवा हब टाका, हाताचा ब्रेक लावा, मोकळे व्हा."

"हब तुम्ही द्याल," मी म्हणालो, "हात कुठून आणू?" आणि फोन ठेवून दिला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, पण माझं डोकं फिरलं होतं. मग भंगारवाल्याकडे गेलो. त्याने ढिगातून तसलाच एक हब शोधून दिला. आतून गंजून असा आवळला होता की त्याला फोडायला पहार लागली असती.

ताई दुपारी आली, चालत. चालत येताना तिला मी फार दिवसांनी पाहिलं. सायकलवर ती उंच दिसते. त्या सकाळी भाच्याने तिला मोटारीत शेजारी बसवून पाव वाटायला नेलं होतं. शिंपी नंतर मला म्हणाला, "तुमच्या ताईने आज खिडकीतून पाव दिला. गुडघ्याचं काही विचारलं नाही. मीच म्हटलं, बरा आहे हो गुडघा. तर नुसती मान हलवली."

"झाली?" तिने विचारलं.

"स्प्रिंग तुटलीय. मिळत नाही कुठे."

माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काल संध्याकाळी तुझ्या दारात मोटार होती."

"होती."

"तो येऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी तू म्हणतोस मिळत नाही."

"ताई, देवाशपथ सांगतो, त्याने म्हटलं होतं, मी नाही म्हटलं. ही बघ." मी दोन्ही तुकडे तिच्या तळहातावर ठेवले.

तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि परत माझ्या बाकावर ठेवले. "तुकडे कुणीही करतं," ती म्हणाली. "तुझ्याकडे पक्कड आहे."

आणि गेली.

मला असं कुणी कधी बोललं नव्हतं. जन्मात एकदा पोराच्या तोंडावर नाही म्हणण्याचा खरेपणा केला आणि माझी बहीणच मला खोट्यात काढून गेली. दुकानात मी एकटाच मोठमोठ्याने तिला शिव्या घातल्या. बाजूच्या भिंतीवर थाप आली तेव्हा गप्प झालो. राग उतरला तसं कळलं की तिचंही बरोबर आहे. तिने दुसरं काय समजायचं? आता तोंडाने सांगण्यात अर्थ नव्हता. स्प्रिंग मिळत नसेल तर ती बनवायची, आणि ताईच्या पायाखाली द्यायची. तीच माझी साक्ष.

पोलादाची पट्टी हवी होती, पातळ आणि चिवट. घरी गेलो, फडताळावरचं गजराचं घड्याळ उचललं.

"अहो, ते चालू आहे!" बायको म्हणाली.

"म्हणून तर. चालू आहे म्हणजे आतली स्प्रिंग चांगली आहे."

"आणि सकाळी उठायचं कशाने?"

"तू आहेस की."

तिने कपाळाला हात लावला, पण घड्याळाची मागची बाजू उघडायला पेचकस तिनेच आणून दिला. ताईवर तिचा जीव आहे. माझ्यावर असावा असा अंदाज आहे.

घड्याळाची स्प्रिंग तशीच वाकवली तर तुटते. आधी ती लाल तापवून राखेत हळूहळू निवू द्यायची, म्हणजे मऊ होते. मग कापायची, कानस मारायची, गजावर वळवून कडं करायचं. मग परत लाल करून तेलात बुडवायची. पोलादाला पाणी देणं म्हणतात ते हे. पण नुसतं पाणी दिलं की पोलाद बिस्किटासारखं ठिसूळ होतं, म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा मंद आचेवर धरायचं. आधी पिवळट रंग येतो, मग जांभळट, मग निळा. निळा आला की त्याच क्षणी आचेवरून काढायचं. डोळा लवला तर गेलं.

पहिलं कडं बोटांनी जरा फाकवलं तर कट्कन तुटलं. दुसऱ्याच्या वेळी दारात एक गिऱ्हाईक हवा मागायला आलं, मी तिकडे बघितलं, आणि कडं पत्र्यासारखं मऊ होऊन बसलं. त्या गिऱ्हाइकाला मी असा काही पंप फेकून दिला की तो अजून दुसरीकडे हवा भरतो. तिसऱ्याला मी दार लोटून घेतलं. निळा रंग टोकापासून टोकापर्यंत सारखा चढला, मोराच्या मानेसारखा, आणि मी ते उचललं. फाकवलं, सोडलं. परत जागेवर. पुन्हा फाकवलं, पुन्हा जागेवर. मी एकटाच हसत होतो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

हब जुळवला, नवं ग्रीस भरलं, चाक बसवलं. पायडल उलटं मारलं की चाक जागच्या जागी गप्प. मी भाच्याला फोन केला. "दुपारी गाडी रिकामी झाली की उतारावर ये. आईलाही सांग. समोरासमोर होऊन जाऊ दे. उद्या मला म्हणू नकोस, मला विचारलं नाही."

दोघं आले. ताईने माझ्याकडे बघितलं नाही. पेटीत पावांऐवजी मी वजनाला विटा घातल्या होत्या. तिने सायकल हातात घेतली, पायडल एकदा पुढे, एकदा मागे केलं, आणि तिच्या भुवया जरा वर गेल्या. सायकल ढकलत वर गेली. भाचा आणि मी खाली चौकाच्या अलीकडे उभे राहिलो.

ती निघाली. दुपार असली तरी दारांमध्ये माणसं आलीच. बातमी आमच्या रस्त्यावर सायकलच्या पुढे धावते. शिंप्याच्या दाराशी तिचा आवाज आला, "काय, कुरकुरतोय का गुडघा?" परटिणीलाही काहीतरी बोलली. तशीच गोगलगायीसारखी, पूर्वीसारखी, एकेक दार घेत ती खाली आली, माझ्यासमोर उलटा पाय मारला आणि चाक रेषेवर थांबावं तसं थांबलं.

"थांबली," मी म्हणालो. माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटलं असतं.

ताई सायकलवरून उतरली. माझ्यासमोर आली. "पक्कडीचं बोलले ते विसर," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे दुसऱ्याने पाया पडल्यासारखं. मी उगाच चेन बघायला वाकलो.

भाचा माझ्या आधीच चाकाशी बसला होता. नाक हबजवळ नेऊन त्याने वास घेतला. मग हबला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"मामा, हात लाव."

मी लावला. चटका बसला.

"ही तुझी स्प्रिंग चांगली आहे," तो म्हणाला, "पण आधीची आपोआप तुटली नव्हती, आईने जाळली होती. हीपण जाळेल."

तोंडात मारल्यासारखा मी उभा राहिलो. करपलेलं ग्रीस मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. जुनं झालं म्हणून पुसलं होतं. कारण माझ्या फडक्यात होतं आणि मी ते कचऱ्यात टाकलं होतं! स्प्रिंगला पाणी देणारा मी, आणि उतारभर दाबून धरलेला ब्रेक ते पाणी रोज उतरवतोय हे मला दिसलं नाही. ड्रायव्हरला वासावरून कळलं.

"आई," तो म्हणाला, "तू वरून खालपर्यंत ब्रेक सोडतच नाहीस."

"सोडला तर सायकल पळेल. पाव कसा देऊ?"

"घाटात असं ब्रेकवर पाय ठेवून बसलं तर माझी गाडीसुद्धा पेटेल. तुला उतार उतरता येत नाही."

ताईचा चेहरा लाल झाला होता. "मला? तू रांगत होतास तेव्हापासून उतरतेय मी हा उतार!"

"आणि तेव्हापासून चुकीचा उतरतेस."

आता त्याच्या हातात सगळं होतं. मला पटवायची गरज नव्हती, खोट्याची तर नव्हतीच. हब तापतो, स्प्रिंग जाणार, चौक समोर आहे. एवढं म्हटलं असतं तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो, आणि ताईला ते कळत होतं. तिने हँडल असं धरलं होतं की जणू कुणी हिसकावून घेणार आहे. ती त्याच्याकडे बघत होती.

भाच्याने चौकाकडे बघितलं. मग वर, बेकरीकडे.

"मामा, ती पेटी काढ," तो म्हणाला.

"का?"

"मी बसतो मागे."

"अरे, तू? त्या कॅरिअरवर? वाकेल ते!"

"वाकलं तर तू आहेस."

हब निवायची आम्ही वाट बघितली. मग तो सायकल ढकलत वर घेऊन गेला, ताई मागून त्याला वजनावरून बोलत बोलत. वर पोचल्यावर ती सीटवर बसली आणि तो धिप्पाड गडी तिच्यामागे, गुडघे पोटाशी घेऊन. सगळी दारं हसत होती. मी खाली एकटा. ती माझी दोन माणसं, आणि त्यांच्या जिवाला माझ्या घड्याळातलं ते एवढंसं कडं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या, ज्यांच्याकडे कधी गेलो नाही त्यांनाही.

सायकल सुटली. वेग घेतला. आणि त्याचा आवाज आला, घाटात हाळी द्यावी तसा: "धर!" सायकल जवळजवळ उभी राहिली. "सोड!" पुन्हा सुटली. "धर! जोरात धर! सोड!" शिंपी हातातली सुई विसरून दारात उभा होता. "आई, दारापाशी धर, पाव दे, मग सोड. दोन दारांच्या मधे चाकाला श्वास घेऊ दे."

"मला शिकवतोस?"

"धर!"

तिने धरलं. माझ्यासमोर येऊन थांबले. त्याने उतरून हबवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. "कोमट आहे," तो म्हणाला. मग सायकल वळवली. "परत."

दुसऱ्यांदा तो कमी ओरडला. चुकली तिथेच. खाली येताना तीच त्याच्यावर ओरडत होती, की मागे हलू नकोस, तोल जातो. हब पुन्हा कोमट. तो म्हणाला, "परत एकदा."

"अरे, किती तपासशील?" मी म्हणालो.

"परत एकदा," तो म्हणाला.

दुसरा कुणी चालवत असेल तर हा माणूस स्वस्थ बसत नाही. बसमध्ये बसला तरी ड्रायव्हरच्या मागे उभा राहतो, आणि वळण आलं की स्वतःचा पाय रिकाम्या जमिनीवर दाबतो. माझ्या लग्नानंतर आम्हाला कुणी गाडीने पोचवलं तेव्हाही तो पोरवयात ड्रायव्हरला सूचना करत होता. त्याच्यासमोर दुसऱ्याच्या हातात चाक असणं हीच त्याला शिक्षा.

तिसऱ्यांदा ते सुटले तेव्हा मी कान टवकारून होतो. धर आलं नाही. सोड आलं नाही. न्हाव्याच्या दारापाशी ताईने ब्रेक धरला, पाव दिल्यासारखा हात पुढे केला, ब्रेक सोडला. शिंप्याकडे धरला, सोडला. परटिणीच्या खालच्या त्या तीव्र उतारावर तिने दोनदा पाय मारला, चाक दोनदा दबकलं, आणि सायकल माझ्याकडे यायला लागली. मला वाटलं, पोरगं बोलत का नाही, पडलं की काय मागे?

नीट दिसलं तेव्हा कळलं. ताई ताठ बसून, तोंडाने काहीतरी पुटपुटत, हिशेबाने धरत आणि सोडत येत होती, आणि तिच्या पाठीशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या ड्रायव्हरसाहेबांनी डोळे मिटले होते.